पूर्ण नाव बसतंय

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी १९९७

शालू,

तुझं कार्ड पोचलं. उपकेंद्राला फ्रीज आला आणि त्याच दिवशी लाइट गेली, हे वाचून मी एकटीच हसत बसले. वसतिगृहात आपल्या खोलीतला बल्ब उडाला की तू मेणबत्तीवर नर्सिंगची पुस्तकं पाठ करायचीस आणि मी त्याच उजेडात बोरू घासत बसायची, आठवतं? आता तू तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात पोरांना लशी टोचतेस आणि मी इथं पेपरात जाहिराती मांडते. बोरू मात्र सुटला नाही.

सध्या काय चाललंय, असं विचारलंस. सांगते, पण हसायचं नाही.

आमच्या पेपरचे मथळे तू बघतेसच. बुटकी, पसरट अक्षरं, पंगतीला मांडी घालून बसल्यासारखी. चार शब्द झाले की ओळ संपली. उपसंपादक दिवसभर शब्दांचे हातपाय तोडत असतात. 'जिल्हाधिकारी'चा 'कलेक्टर' होतो, 'महानगरपालिके'ची नुसती 'पालिका' होते. मी मथळ्यांसाठी नवीन अक्षर काढायला घेतलंय. उंच आणि अंगानं बारीक. उभी दांडी जाड, वळणं नाजूक, आणि दांडीच्या पायाशी बोरूच्या कापासारखी तिरकी टाच. कॉम्प्युटरवर जुनंच अक्षर दोन्हीकडून दाबून बारीक करता येतं, पण मग ते आजारातून उठलेल्या माणसासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक अक्षर पहिल्यापासून काढतेय, घरी, ऑफिस सुटल्यावर.

'क' झाला, 'म' झाला. 'ळ'नं मात्र जीव खाल्लाय. बारीक केला की त्याची दोन्ही पोटं शाईनं भरून जातात आणि नुसता काळा ठिपका राहतो. गडहिंग्लजला गेले होते तेव्हा आप्पांना कागद दाखवला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी चष्मा लावून बघत बसले आणि कन्नडमध्ये अव्वाला म्हणाले, "पोरगी लग्नाचं वय घालवून हे करतीय होय!" पण कागद परत दिला नाही, गल्ल्यावर काचेखाली ठेवला.

सोबत एक कागद पाठवतेय. उपकेंद्राच्या दाराला चिकटव, रस्त्यापलीकडच्या तुझ्या त्या फणसाखाली जाऊन उभी राहा आणि वाचता येतंय का ते सांग. तुला अक्षरातलं काही कळत नाही म्हणूनच तुला विचारतेय.

तुझी,
लीला


शाहूपुरी
९ मे १९९८

शालू,

नाव ठरलं! तुझंच. तू लिहिलं होतंस ना, "बाई, ही अक्षरं माझ्या सासूसारखी काटक हायत, बारीक दिसत्यात पण मोडायची न्हाईत." मी ते मालकांच्या मुलाला, विश्वजितना, वाचून दाखवलं. ते इतके हसले की म्हणाले, "झालं, काटकच नाव ठेवा." पेपरनं अक्षर विकत घेतलं. कागदावर सही केली. आता ते पेपरचं.

सप्टेंबरमध्ये वर्धापनदिनाला पहिल्या पानावर येणार. मशीनला अजून माझी जोडाक्षरं नीट कळत नाहीत, दोन अक्षरांमध्ये कुठं दरी पडते, कुठं रेटारेटी होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने पहिल्या पानाचे मोठे मथळे मी स्वतः बसवणार. पान लावणारा गुंडू म्हणतो, "म्हंजे आता रोज संध्याकाळी तुमचा जाच." मला तर कधी एकदा तो जाच सुरू होतोय असं झालंय.

आणि हे बघ, तुझ्यासाठी. 'दर गुरुवारी लसीकरण. बाळाला घेऊन या.' चार प्रती आहेत, एक खराब झाली तर दुसरी लाव. फणसाखालून वाचता येतं म्हणालीस तेव्हापासून मी कुणाचंच ऐकत नाही. अक्षर शिकलेले लोक येऊन 'टाच जरा जास्त झालीय' वगैरे सांगतात. मी मनात म्हणते, शालनला फणसाखालून दिसतं, विषय संपला.

सयाजीरावांना नमस्कार. ते वारणानगरला आणि तू डोंगरात, किती दिवस असं चालायचं? पोराला इकडं पाठव सुट्टीत.

लीला


शाहूपुरी
२४ सप्टेंबर १९९८

प्रिय शालन,

आज सकाळी पेपर उघडला आणि तुझं नाव बघितलं. मला काही सुचेना. आधी वाटलं, दुसरी कुणी असेल.

ती नऊ महिन्यांची मुलगी, गुरुवारी तू गोवराची लस दिलीस आणि रविवारी ती गेली, एवढंच बातमीत आहे. तुझ्याकडून काही चूक झाली असेल यावर माझा विश्वास नाही. वसतिगृहात स्वतःच्या चहाचं भांडं दोनदा उकळून घेणारी तू. चौकशी होईपर्यंत निलंबित करतात, तो नियमच असतो म्हणे. चौकशीत सगळं स्पष्ट होईल.

लोकांनी तुला खोलीत कोंडून घातलं होतं, हे खरं आहे का? तू आता कुठं आहेस? वारणानगरला गेलीस का? काही लागलं तर कळव. इकडं माझ्याकडं ये, कितीही दिवस राहा.

बातमी अशी यायला नको होती. मथळे कोण कसे करतं, हे तुला काय सांगायचं. माझ्या हातात काही नसतं.

तुझीच,
लीला


शाहूपुरी
१८ नोव्हेंबर १९९८

शालन,

तीन पत्रं पाठवली, तुझं उत्तर नाही. ते मी समजू शकते.

सोमवारी सयाजीराव आमच्या ऑफिसात आले होते. मला वाटलं तुझा काही निरोप असेल. त्यांनी पिशवीतून त्या दिवशीचे सगळे पेपर काढले, घडी मोडून टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि म्हणाले,

"लीलाताई, बातमी सगळ्यांनी छापलीय. ह्यात बघा, नुसतं 'परिचारिका'. ह्यात 'आरोग्यसेविका'. नाव खाली, बारक्या अक्षरात. वर मथळ्यात नाव तेवढं तुमच्याच पेपरात. असं कसं?"

मी उत्तर द्यायच्या आत ते पुढं म्हणाले,

"कुणीतरी तेवढाच मथळा कापून उपकेंद्राच्या दाराला चिकटवला. आम्ही सामान आणाय गेलतो तवा बघितलं. शेजारी गुरुवारच्या लसीचा कागद, आणि ह्यो. एकाच वळणाची अक्षरं. सरकारनंच लावलंय असं वाटावं. रस्त्यापल्याड फणसाखालनं वाचाय येतंय. पोरगं संगं होतं माझं. त्यानं मोठ्यांदा वाचलं, आईचं नाव हाय म्हणून."

मी म्हणाले, "मथळ्याचं संपादक ठरवतात, सयाजीराव. त्यांना विचारावं लागेल."

"बरं," म्हणाले. पेपर परत घडी करून पिशवीत ठेवले. मी चहा सांगितला होता, तो यायच्या आत उठले. जिन्यात मागं वळून एवढंच म्हणाले, "पत्रं येत्यात तुमची. ती वाचती का न्हाय ठावं न्हाय, पण ठेवून देती."

ते संपादकांना भेटायला गेले नाहीत. मी खिडकीतून बघत होते, रस्ता ओलांडून सरळ स्टँडकडं गेले.

आणखी एक. त्या दिवशी, म्हणजे बातमी आली त्या संध्याकाळी, मी ऑफिसात होते. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

लीला


शाहूपुरी
३ फेब्रुवारी १९९९

शालन,

तुझं कार्ड आलं. एवढ्या महिन्यांत तुझ्या हातचं पहिलंच, आणि त्यात दोन वाक्यं. "पहिल्या पानाचे मोठे मथळे तूच बसवतेस, हे तूच लिहिलं होतंस. खोटं लिहायचं असलं तर पत्र लिहू नको."

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी 'माझ्या हातात काही नसतं' असं लिहिलं, ते तू वाचलंस तेव्हाही माहीत होतं.

आता लिहिते.

तालुक्यांना जाणारा अंक संध्याकाळी लवकर सुटतो. काटक सुरू होऊन पंधरवडा झाला होता. विश्वजित त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन आले होते, छपाईचं यंत्र विकणारे पुण्याचे लोक. आमचे मुख्य उपसंपादक, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, शाहूवाडीच्या वार्ताहराशी फोनवर बोलत कागदावर लिहीत होते. फोन ठेवून ते गुंडूच्या टेबलाशी आले.

"लसीनं पोर गेलंय. हीच मेन लावू. 'लस टोचली, बाळ दगावले, नर्स निलंबित.' बास."

विश्वजित म्हणाले, "नाव काय नर्सचं?"

आण्णांनी कागद वर धरला. "शालन सयाजी चौगुले."

मी तिथंच उभी होते, गुंडूच्या खुर्चीमागं. माझ्या कानावर तुझं नाव पडलं. आडनावासकट, नवऱ्याच्या नावासकट. दुसरी कुणी असेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. सप्टेंबरात लिहिलं ते खोटं.

"पूर्ण नाव बसतंय का बघा की," विश्वजित म्हणाले. "त्याच्यासाठीच तर नवीन अक्षर केलं. मॅडम, बसतंय का?"

मी म्हणाले, "बसतं."

गुंडूनं टाकून बघितलं. शेवटचा 'त' ओळीबाहेर जात होता. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नाव काढा. खाली बातमीत हाय की." आण्णा नाव काढायला तयार होते, शालू. त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. मी गुंडूला उठवलं, खुर्चीत बसले, आणि एकेक अक्षर सरकवत ओळ आवळत गेले. 'शालन'मधला काना आणि 'ल' जवळ आणले. 'चौगुले'च्या मात्रा शेजारच्या अक्षराला लागत होत्या, त्या हातानं मोकळ्या केल्या. 'त' आत आला. वर-खाली कुठं फट नाही, कुठं गर्दी नाही. पुण्याचा पाहुणा म्हणाला, "वा!"

नोकरीची भीती होती, असं सांगितलं तर तू कदाचित मानशील. ती नव्हती. मालकाला विरोध करायचाच नव्हता, नुसतं 'बसत नाही' म्हणायचं होतं. कुणी तपासलं नसतं. पण त्या वेळी मला ते नाव तुझं वाटतच नव्हतं. 'श' होता, 'ल' होता, 'न' होता. दांड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांच्या टाचा एका रेषेत. अंक छापून आला तेव्हा मी खाली यंत्रावर गेले, ओली प्रत उचलली, हात लांब करून धरली आणि मला आनंद झाला. आधी आनंद झाला. मग मी वाचलं.

'इतर पेपरही नाव घालतीलच' असं मनाशी म्हणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळे अंक विकत घेतले. सयाजीरावांच्या आधी मी ते तसेच एकाशेजारी एक मांडून बघितले होते. म्हणून ते मांडायला लागले तेव्हा पुढं काय येणार ते मला माहीत होतं.

त्यांना मी संपादकांचं नाव सांगितलं. ते तुला त्यांनी सांगितलंच असेल.

आणखी खोटं काही राहिलेलं नाही.

लीला


शाहूपुरी
२७ जून १९९९

शालन,

तुझ्या निर्दोष असण्याचा कागद जिल्ह्याच्या ऑफिसातून निघाला, हे मला आण्णांकडून कळलं. त्या मुलीला मेंदूज्वर झाला होता, लशीचा संबंध नव्हता, त्याच बाटलीतली लस घेतलेली बाकीची पोरं ठणठणीत आहेत. हे तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवलं होतं म्हणे. आम्ही कुणी विचारायला गेलो नाही.

मी विश्वजितकडं गेले. म्हटलं, "ही बातमी पहिल्या पानावर घ्या. तेवढीच मोठी."

"मॅडम, तुम्ही अक्षर बघा. बातम्या आम्ही बघतो."

"तेव्हा पूर्ण नाव बसवलं. आता का नाही?"

"आता त्यात बातमी काय हाय? बाई निर्दोष हाय, ह्यात लोक वाचणार काय?" ते रागानं बोलत नव्हते. खरंच समजावून सांगत होते.

मग मी स्वतः मथळा बसवला. 'नर्स शालन सयाजी चौगुले निर्दोष. बाळाचा मृत्यू मेंदूज्वराने.' आठ कॉलम. छापून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी बघितला. "सुंदर दिसतंय," म्हणाले, आणि फोन आला तसा बाजूला सारला.

शुक्रवारी सातव्या पानावर, शोकसभेच्या खाली, दोन ओळी आल्या. त्यात तुझं नाव 'शालिनी' छापलंय.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. हे सांगून तुझ्याकडून शाबासकी नको आहे. सोडली म्हणून काही थांबलं नाही, दुसऱ्या दिवशीचा अंक काटकमध्येच निघाला. मी ते परत मागायला गेले होते. विश्वजितनी माझी सही असलेला कागद दाखवला आणि चहा पाजला.

तू पुन्हा कामावर कुठं रुजू झालीस? पत्ता बदलला असेल तर सयाजीरावांच्या पत्त्यावर पाठवत राहते.

लीला


शाहूपुरी
१४ ऑक्टोबर २००२

शालन,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी आता एका शाळेत चित्रकला शिकवते. आप्पा गेल्या वर्षी गेले.

आज सकाळी शाळेच्या निमंत्रणपत्रिका छापायला एका डीटीपीवाल्याकडं गेले होते. मला ओळखत नव्हता. म्हणाला, "बाई, काटक टाकू का? लई चालतंय. सगळं कोल्हापूर त्यातच हाय." पेपरच्या ऑफिसातून कुणीतरी सीडीवर काढून नेलं आणि गावभर वाटलं. लग्नाच्या पत्रिका, उसाच्या मोळीपूजनाचे फलक, वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड, निधनाच्या पाट्या. चौकातून जाताना मी खाली बघून चालते.

त्याला म्हटलं, "दुसरं कुठलंही टाका."

"अवो, ह्यात कितीबी लांब नाव बसतंय!"

पत्रिका न छापताच परत आले. मुख्याध्यापिका रागावल्या.

लीला


शाहूपुरी
११ मार्च २००५

शालू,

काल दिवसभर मी तुझ्यासोबत होते, तरी लिहितेय. तुझ्यासमोर मला धड बोलता आलं नाही.

सयाजीराव मला महिन्यापूर्वी स्टँडवर भेटले होते. मी तोंड चुकवणार होते, त्यांनीच हाक मारली. "ती परत तिथंच हाय. त्याच उपकेंद्रात. मागून घेतली बदली." मला कळेना, त्या गावात परत का. "ते तिलाच इचारा. गुरुवारी असती. जाऊन या एकदा."

महिनाभर मी प्रत्येक गुरुवारी काहीतरी काम काढलं. काल आले.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. दारात पोचले तर ओट्यावर बायकांची रांग, पोरांचा आरडाओरडा. तू मान वर केलीस. केस पांढरे झालेत तुझे. मला वाटलं, आता एकतर जा म्हणेल, नाहीतर रडेल.

"हात धू," म्हणालीस. "साबण मोरीत हाय. आणि ती कार्डं लाव तारखंनं."

मी हात धुऊन आले. "शालू, मला जरा..."

"रांग हाय. मागनं."

दुपारपर्यंत मी कार्डं लावत होते. एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई कडेवर बाळ आणि पदराला धरून पाच-सहा वर्षांचा मुलगा घेऊन आली. मुलाच्या एका डोळ्यावर पांढरी साय आली होती. पायरी चढताना त्यानं पाय चाचपत टाकला. तू तिच्यासमोरच मला म्हणालीस, "ही शेवंता. ती पहिली पोरगी हिची."

माझ्या हातातली कार्डं खाली पडली. ती तू उचललीस.

शेवंता पुढ्यात बसली. तिला वाटलं, मी सरकारी माणूस. सांगायला लागली, अगदी सरळ, बाजाराची हकिकत सांगावी तशी. "मला आदी वाटलंच न्हवतं की सिस्टरनं काय केलंय. पोरीला ताप आलता, मला ठावं हुतं. पन पेपरात आलं न्हवं, एवढ्या मोठ्या अक्षरात. दारालाच लावलंतं. मालक म्हनलं, नाव घालून छापलंय म्हंजे खरंच असनार. मग ह्याच्या टायमाला म्या सुई टोचून घेतली न्हाय. वाडीतल्या कुनीच न्हाय घेतली. लई वर्सं."

"मग गोवर आला," तू सिरिंज भरता भरता म्हणालीस. "दुसऱ्या सिस्टर होत्या तवा इथं. त्यांना कोण घरात घेईना. हा वाचला. डोळा गेला. खालच्या आळीतली दोन न्हाय वाचली."

शालू, इतकी वर्षं मी फक्त तुझा विचार करत होते. माझ्यामुळं बिघडलं ते एका माणसाचं, माझ्या मैत्रिणीचं, असं धरून बसले होते. वाडीचा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. 'तू परत त्याच गावात का' हे तुला विचारायचं होतं, ते विचारायची गरज राहिली नाही.

मी शेवंताकडं वळले. माझ्या तोंडून "बाई, तो मथळा..." एवढं बाहेर पडलं. तू माझ्या मनगटाला धरलंस. अजून दुखतंय.

"आत ये जरा."

आत, फ्रीजच्या खोलीत, तू हळू आवाजात बोललीस. तुझा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"काय सांगणार हुतीस तिला?"

"खरं."

"सांगून तू मोकळी हुशील, रडशील, गाडीत बसून जाशील. तिनं काय करायचं त्याचं? आत्ता कुठं तिनं पोर आणलंय. परत म्हनंल, पेपरातलं खोटं, मग सिस्टरचं खरं कशावरनं. तुझं तुझ्याजवळ ठेव."

"आणि तू?" मी विचारलं. "तू मला..."

"माफबिफ मी काय केलेलं न्हाय," म्हणालीस. "पत्रं वाचली. सगळी. एक खोटं होतं, बाकीची खरी होती, म्हणून वाचली. तुझ्यावरचा राग काय जाईना. जाईल तवा जाईल. चल, बाळाचा पाय धर."

मी शेवंताच्या बाळाचा पाय धरला. एवढीशी मांडी, माझ्या दोन बोटांत मावणारी, गरम. तू सुई टोचलीस तेव्हा त्यानं जो हिसडा दिला तो माझ्या खांद्यापर्यंत आला. शेवंतानं त्याला छातीशी घेतलं आणि त्या मोठ्याला म्हणाली, "बग, झालं पन." तो मान तिरकी करून एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होता. मी त्याला नाव विचारलं. म्हणाला, "संतोष."

तुझ्या खोलीवर चहा घेतला. तुझा मुलगा डिप्लोमा करतोय, हे कळलं. सासूबाई गेल्या, हे कळलं. बस यायच्या आधी तू म्हणालीस, "पुढच्या गुरुवारी वरच्या धनगरवाड्यावर जायचं हाय. गाडी जात न्हाय. बर्फाची पेटी उचलाय माणूस मिळंना झालाय. पेटी जड हाय, आधीच सांगते."

तेवढ्यात बस आली आणि कंडक्टर ओरडायला लागला.

शाळेत रजेचा अर्ज दिलाय. बुधवारी संध्याकाळीच मुक्कामाला येते. पेटीचा पट्टा तुटलेला बघितला मी, दोरीनं बांधलाय. इथं चपलांच्या गल्लीत चामड्याचा चांगला रुंद पट्टा शिवून मिळतो, तो घेऊन येते. लांबी किती लागेल ते तेवढं कळव.

लीला